पॅरटफिश घ्यावा की रॅबिटफिश?

प्रवाळखडकांवर चरणारे हे दोन मासे. दोघेही मुख्यतः शेवाळावर जगणारे, दोघांचं मांस पांढरं, चव सौम्य. पॅरटफिश, म्हणजे पोपटमासा, रंगामुळे लगेच उचलला जातो. रॅबिटफिश करडा, तपकिरी, ठिपकेदार. त्याला मुद्दाम मागणारे कमीच. मी दोन्ही भरपूर खाल्ले आहेत, आणि आता निवड करायची वेळ आली की हात रॅबिटफिशकडेच जातो.

प्रथिनांवरून निवड करू नका. १०० ग्रॅमला साधारण १८ ते २० ग्रॅम, दोघांतही. अन्नसाखळीत खालच्या पायरीवर असल्यामुळे पाऱ्याची धास्तीही दोघांत कमी. फरक पडतो तो चरबीत. बहुतेक समुद्री माशांना डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल खाण्यातूनच मिळवावं लागतं. सिगॅनस कॅनालिक्युलेटस या रॅबिटफिशमध्ये मात्र २०१० साली डेल्टा-४ डीसॅच्युरेज हे विकर असल्याचं दाखवलं गेलं, आणि पृष्ठवंशी प्राण्यांत ते तेव्हा पहिल्यांदाच सापडलं. वनस्पतींतल्या साध्या मेदाम्लांपासून डीएचए घडवण्याची शेवटची पायरी हा मासा त्याच्या जोरावर स्वतःच पार करतो. शेवाळ खाणाऱ्या माशाने हे करावं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

तरीही माझा निर्णय झाला तो तव्यावर. पॅरटफिशचं मांस मऊ आणि पाणीदार. मीठ लावून ठेवलं की तुकडीखाली पाणी साचतं. ते टिपून, तवा चांगला तापवून तुकडी सोडली तरी उलथताना कातडी तव्याला धरते आणि मांसाचे पापुद्रे सुटतात. तुकड्या जाड कापून पाहिल्या, पीठ घोळवून पाहिलं. थोडा फरक पडला, इतकंच. त्यात हा मासा उतरतोही लवकर, सकाळचा घट्ट मासा संध्याकाळी बोटाखाली दबतो. रॅबिटफिशची तुकडी आखडून घट्ट होते, आणि शिजल्यावर मधला काटा अखंड उचलून येतो.

रॅबिटफिशला त्रास नाही असं नाही. पाठीवर १३ काटे, गुदपराला ७, पोटाकडच्या प्रत्येक पराला दोन्ही कडांना एकेक, आणि सगळे विषारी. टोचला तर ठणका जबरदस्त. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा. विष प्रथिनाचं असल्यामुळे उष्णतेने त्याचा जोर उतरतो. शिजवल्यावर ते उरत नाही. दुसरी गोष्ट आतड्याची. ते लांब, वेटोळं, हिरवट काळं असतं. फुटलं किंवा पोटात तसंच राहिलं, तर शेवाळाचा उग्र वास मांसात मुरतो आणि मग तो काही केल्या जात नाही.

पॅरटफिशबाबत आणखी एक गोष्ट मला खटकते. तो चोचीने खडक खरवडतो, घशातल्या दातांनी दळतो आणि वाळू करून टाकतो. कपाळावर टेंगूळ असलेली त्यांची सर्वांत मोठी जात १.३ मीटरपर्यंत वाढते आणि एकेक मासा वर्षाला ५ टनांहून अधिक खडक खातो. बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो, मोठा झाल्यावर नर होतो. म्हणजे बाजारातला सर्वांत देखणा मोठा मासा बहुधा नर. तेच उचलत राहिलं तर नरच उरत नाहीत. बेलीझने २००९ मध्ये त्यांच्या मासेमारीवर बंदीच घातली. रॅबिटफिश भराभर वाढतो, साधारण वर्षभरात प्रजननक्षम होतो.

सिग्वाटेराचं विष (खडकांवरच्या सूक्ष्म शेवाळातून माशाच्या अंगात साचणारं) मात्र दोघांतही असू शकतं आणि ते शिजवून जात नाही. ज्या खडकाळ भागात त्याचा त्रास माहीत आहे, तिथला मासा टाळावा, मोठा तर नक्कीच.

अख्खा मासा वाफवूनच खाणार असाल तर पॅरटफिशचा मऊपणा कदाचित आवडेलही. तळायचा असेल तर मी रॅबिटफिशच सुचवेन. घेतानाच त्याचे काटे कात्रीने छाटून घ्या, आणि पोट तिथेच उभ्या उभ्या साफ करून घ्या.