पुन्हा प्रीमेड: जीपीए घसरल्यावर अमेरिकेत कुठला रस्ता धरावा?

कॉलेजची पहिली दोन वर्षं हातची गेली, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एफ पडला, कमी गुणांमुळे प्रोबेशन लागलं, किंवा घरात आजारपण निघालं आणि शिक्षण अर्ध्यावर सुटलं. मग पाच-सात वर्षं नोकरी. आणि तिशीच्या आसपास पुन्हा तोच विचार मनात घर करतो: डॉक्टर व्हायचंय. अमेरिकेत मेडिकलला पदवीनंतर प्रवेश मिळतो आणि त्याआधीच्या तयारीला प्रीमेड म्हणतात; तिथे हा विचार अजिबात अवास्तव नाही. तिथे मेडिकलला कमाल वयाची सरसकट अट नाही आणि तिशी ओलांडलेले विद्यार्थी दर वर्षी प्रवेश घेतात. मात्र परतीचे रस्ते एकापेक्षा जास्त आहेत आणि प्रत्येक रस्ता वेगळ्या दुखण्यावरचा आहे. दुखणं एक आणि औषध दुसरंच घेतलं, की वर्षही जातं आणि पैसाही.

आधी स्वतःचा आकडा काढा

विद्यापीठ तुमच्या गुणपत्रकावर जो जीपीए (चारपैकी सरासरी गुण; ए म्हणजे ४, एफ म्हणजे ०) छापतं, तो मेडिकलच्या अर्जात चालेलच असं नाही. एमडी महाविद्यालयांची सामायिक अर्जव्यवस्था अ‍ॅमकॅस आणि डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक (हीही डॉक्टरचीच पदवी) महाविद्यालयांची अ‍ॅकोमॅस, दोन्ही स्वतःचा हिशेब मांडतात. अनेक विद्यापीठांत विषय पुन्हा घेतला की जुना ग्रेड पुसला जातो. इथे तो पुसला जात नाही. चार क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन) विषयात आधी एफ आणि नंतर ए मिळाला, तर शून्य आणि सोळा मिळून आठ क्रेडिटना सोळा गुण, म्हणजे सरासरी २.०. अ‍ॅकोमॅसमध्ये पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घेत असे. ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली, तरी जुने सल्ले अजून तसेच फिरत असतात.

आता एक उदाहरण पूर्ण मांडू. १२० क्रेडिट, जीपीए २.७०. एकूण गुण ३२४. पुढे ३० क्रेडिट सगळे ए घेऊन केले तर ४४४ भागिले १५०, म्हणजे २.९६. वर्षभर एकही चूक न करता केलेल्या अभ्यासानंतरही तीनच्या खालीच. ४५ क्रेडिटनी ३.०५ आणि ६० क्रेडिटनी ३.१३. ज्याने साठच क्रेडिट २.२ ने करून कॉलेज सोडलं, त्याने पुढचे साठ ३.९ ने केले तर तोही ३.०५ वर येतो, शिवाय हातात पदवी पडते. म्हणजे अर्धवट राहिलेलं शिक्षण या हिशेबात उलट सोयीचं ठरतं.

विज्ञानाचा जीपीए वेगळा निघतो. अ‍ॅमकॅस त्यात जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र आणि गणित धरतं. अ‍ॅकोमॅस गणित धरत नाही. हा आकडा लवकर हलतो, कारण खाली क्रेडिट कमी असतात. चाळीस क्रेडिट २.४ ने झालेले असतील आणि आणखी बत्तीस क्रेडिट सगळे ए आले, तर ३.११.

तुलनेसाठी: एमडीला दाखल होणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या जवळ आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ५१२ च्या जवळ असतो. डीओला साधारण ३.६ आणि ५०४-५०५. सरासरी म्हणजे किमान नव्हे, आणि अ‍ॅमकॅस पदवीनंतरच्या क्रेडिटचा जीपीए वेगळ्या ओळीत दाखवतं. निवड समिती ती ओळ नक्की वाचते. एकूण ३.१ असूनही शेवटचे पन्नास क्रेडिट ३.९ चे असतील, तर त्या अर्जाचा अर्थच बदलतो.

स्वतः जुळवलेला पोस्ट-बॅक

पदवीनंतर जवळच्या राज्य विद्यापीठात आपले आपण विषय घेणं म्हणजे हा रस्ता. जीपीए ३.२ च्या खाली असेल, विज्ञानाचे काही विषय आधी बिघडलेले असतील आणि नोकरी सोडता येत नसेल, तर पहिली पसंती यालाच. खर्च सगळ्यात कमी, आणि ग्रेड थेट पदवीपूर्व जीपीएत जमा होतात.

काय घ्यायचं? आधीचे सी-मायनस आणि त्याखालचे आवश्यक विषय पुन्हा करावेत, कारण बहुतेक महाविद्यालयांना त्यात किमान सी लागतो. सी किंवा बी मिळालेले विषय पुन्हा करण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायॉलॉजी, जेनेटिक्स, मायक्रोबायॉलॉजी असे वरच्या पातळीचे विषय घ्या. कम्युनिटी कॉलेज स्वस्त असतं आणि सुरुवातीला सवय लावून घ्यायला उत्तम. पण आधीच घसरलेल्या विद्यार्थ्याने सगळी दुरुस्ती तिथेच केली, तर समितीला शंका राहते. निम्म्याहून जास्त क्रेडिट चार वर्षांच्या विद्यापीठातले असू द्या.

हा रस्ता दोन ठिकाणी हमखास अडतो. पहिली अडचण नावनोंदणीची. पदवीसाठी दाखल नसलेल्या विद्यार्थ्याला सगळ्यांच्या शेवटी नोंदणीची पाळी मिळते. तोवर ऑरगॅनिकच्या लॅबचे गट भरून गेलेले असतात. उपाय म्हणजे दुसऱ्या बॅचलर पदवीसाठी रीतसर प्रवेश घेणं. ती पदवी पूर्ण केलीच पाहिजे असं नाही, पण नोंदणीचा क्रम आणि सरकारी कर्ज दोन्ही सुटसुटीत होतात. पदवी न घेता केलेल्या तयारीच्या विषयांना फेडरल कर्ज सलग १२ महिन्यांपुरतंच मिळतं, आणि तेही प्रवेशासाठी ते विषय आवश्यक असतील तरच. निव्वळ जीपीए वाढवण्यासाठी घेतलेल्या विषयांना हे कर्ज लागू होत नाही. विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाकडून हे आधी लेखी घ्या.

दुसरी अडचण उत्साहाची. बऱ्याच वर्षांनी परतलेला माणूस पहिल्याच सत्रात नोकरी सांभाळून चार विज्ञान विषय घेतो आणि दोन बी-मायनस पदरात पाडून घेतो. लॅबसह चार क्रेडिटच्या एका विषयाला आठवड्याचे १२ ते १५ तास लागतात. पहिल्या सत्रात एक, फार तर दोन विषय घ्या. पुढे भार वाढवत न्या, कारण शेवटच्या एक-दोन सत्रांत १२ ते १५ क्रेडिट पेललेले दिसणंही गरजेचं आहे. मेडिकलच्या पहिल्या वर्षाचा बोजा त्याहून जड असतो.

संस्थेचा औपचारिक पोस्ट-बॅक

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ब्रिन मॉर, गाउचर यांसारखे नावाजलेले कार्यक्रम क्षेत्र बदलणाऱ्यांसाठी आहेत: ज्यांनी इतिहास किंवा अर्थशास्त्रात चांगले गुण मिळवले पण विज्ञान घेतलंच नव्हतं, त्यांच्यासाठी. ऑरगॅनिकमध्ये आपटलेल्या विद्यार्थ्याला तिथे सहसा जागाच नाही. गुण सुधारणाऱ्यांसाठीचे कार्यक्रम वेगळे असतात. अर्ज करण्याआधी कार्यक्रमाच्या पानावर तो कोणासाठी आहे हे नीट वाचा.

फायदे खरे आहेत: राखीव जागा, सल्लागार, समितीचं एकत्रित शिफारसपत्र, काही ठिकाणी ठराविक मेडिकल स्कूलशी लिंकेज, म्हणजे प्रवेशाचा करार, ज्यामुळे अर्जात जाणारं मधलं वर्ष वाचतं. तोटा म्हणजे पैसा आणि लवचिकता. वर्ग बहुधा दिवसा असतात, म्हणजे पूर्णवेळ नोकरी सुटते. शिस्त बाहेरून लागली तरच आपण टिकतो हे ज्याला स्वतःबद्दल ठाऊक आहे, त्याच्यासाठी हा खर्च योग्य आहे. बाकीच्यांना तेच विषय राज्य विद्यापीठात निम्म्याहून कमी पैशांत मिळू शकतात.

स्पेशल मास्टर्स: शेवटचा डाव

एसएमपी म्हणजे मेडिकलच्या पहिल्या वर्षाशी मिळतेजुळते विषय शिकवणारी एक-दोन वर्षांची मास्टर्स. जॉर्जटाउनचा कार्यक्रम यातला जुना आणि परिचित. या रस्त्याचं आकर्षण लगेच समजतं: नवी पदवी, मोठं नाव, मेडिकलच्याच विद्यार्थ्यांशी तुलना. पण इथले ग्रेड अर्जात ग्रॅज्युएट रकान्यात जातात. पदवीपूर्व २.७ आहे तिथेच राहतो, आणि ज्या महाविद्यालयांची संगणकीय चाळणी पदवीपूर्व जीपीएवर चालते, तिथे तुमचा अर्ज माणसाच्या हातात पडतच नाही.

म्हणून एसएमपी योग्य ठरतो तो साधारण ३.१ ते ३.४ वर अडकलेल्यांना, ज्यांच्या गाठीशी आधीच दीडशेच्या वर क्रेडिट आहेत आणि आकडा आता हलतच नाही. इथे बी म्हणजे चांगला ग्रेड नव्हे; एखाद-दोन सी म्हणजे दार जवळजवळ बंद, कारण मेडिकलचा अभ्यास झेपत नाही याचा पुरावा तुम्हीच दिलेला असतो. दाखल होण्याआधी दोन गोष्टी विचारा: याच विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये मुलाखतीची हमी आहे का आणि किती जीपीए-एमकॅटवर; आणि मागच्या तुकडीतले किती जण त्याच वर्षी दाखल झाले. टक्केवारी सांगितली तर ती कितीजणांपैकी, हेही.

शुल्क अनेक ठिकाणी पन्नास हजार डॉलरच्या घरात किंवा वर. त्यात १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं फेडरल कर्ज मिळत नाही. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला फेडरल कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच. उरलेलं खासगी कर्जातून किंवा पदरमोड करून. एमडी-डीओसाठीसुद्धा आता वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरची मर्यादा आहे, तेव्हा आधीच अंगावर घेतलेलं खासगी कर्ज पुढे फार जड जातं.

आणि कॅरिबियन बेटांवरची मेडिकल कॉलेजं? प्रवेश सोपा, पुढचं अवघड. २०२४ च्या रेसिडेन्सी मॅचमध्ये (मेडिकलनंतरच्या प्रशिक्षणाच्या जागांच्या वाटपात) अमेरिकी एमडीच्या शेवटच्या वर्षातल्यांपैकी ९३.५ टक्के, डीओपैकी ९२.३ टक्के आणि परदेशात शिकलेल्या अमेरिकी नागरिकांपैकी ६७ टक्के जणांना जागा मिळाली. त्यात मधेच गळालेले धरलेलेच नाहीत. डीओचा अर्ज न करता थेट कॅरिबियनला जाऊ नये, हे आमचं ठाम मत.

टेक्सासची वेगळी वाट

टेक्सासच्या रहिवाशांना अ‍ॅकॅडेमिक फ्रेश स्टार्टची सोय आहे. १० वर्षांहून जुने क्रेडिट तिथली सार्वजनिक विद्यापीठं हिशेबात धरत नाहीत, आणि टीएमडीएसएएस ही राज्याची अर्जव्यवस्थाही ते मानते. मात्र निवडून वगळता येत नाही: त्या काळातले चांगले ग्रेडही जातात, आणि पदवी त्याच क्रेडिटवर उभी असेल तर तीही. राज्याबाहेर अ‍ॅमकॅसवर अर्ज केला की जुनं सगळं पुन्हा समोर येतं.

मराठी घरांत नेहमी राहून जाणाऱ्या दोन बाबी

पुणे-मुंबईहून बीएस्सी, बी.फार्म किंवा बीडीएस करून एच-४ वर (एच-१बी धारकाच्या जोडीदाराच्या व मुलांच्या व्हिसावर) आलेल्यांसाठी: अ‍ॅमकॅस परदेशी ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) पडताळत नाही आणि त्याचा जीपीए धरत नाही. बहुतेक महाविद्यालयं अमेरिकेतली किंवा कॅनडातली पदवी, निदान तिथले ९० क्रेडिट मागतात. म्हणजे सुरुवात बहुधा दुसऱ्या बॅचलरपासूनच. भारतातून एमबीबीएस झालेल्यांचा रस्ता हा नव्हेच. त्यांनी ईसीएफएमजी (परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणारी संस्था) आणि यूएसएमएलई (डॉक्टरी परवान्याची परीक्षा) यांकडे पाहावं.

दुसरी बाब व्हिसाची. एच-४ वर पूर्णवेळ शिकता येतं, पण फेडरल कर्ज मिळत नाही, आणि पुष्कळ सार्वजनिक मेडिकल स्कूल नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. एच-४ वरची मुलं २१ व्या वर्षी त्या दर्जाबाहेर पडतात. ग्रीन कार्डच्या रांगेत कुठे आहात हे पोस्ट-बॅकचं पहिलं शुल्क भरण्याआधी पाहा.

अर्जाआधीची कागदपत्रं

एमकॅट ४७२ ते ५२८ गुणांची, सुट्यांसह साधारण साडेसात तासांची. एका वर्षात तीन, सलग दोन वर्षांत चार आणि आयुष्यात सात वेळा देता येते. रद्द केलेला पेपर आणि गैरहजेरीसुद्धा मोजली जाते. बायोकेमिस्ट्री पूर्ण होण्याआधी बसू नका. गुण बहुधा तीनेक वर्षंच चालतात, म्हणून पोस्ट-बॅकच्या सुरुवातीला नव्हे, शेवटाला ही परीक्षा ठेवा.

ज्या ज्या कॉलेजात एक विषय जरी घेतला, त्याचं ट्रान्सक्रिप्ट लागतं. पंधरा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात केलेला कम्युनिटी कॉलेजचा कोर्ससुद्धा. जुनी थकबाकी असेल तर काही कॉलेजं ते अडवतात, म्हणून आत्ताच मागवून पाहा. प्रोबेशन किंवा निलंबन झालं असेल, तर ते ट्रान्सक्रिप्टवर नसलं तरी अर्जात सांगावंच लागतं. तीन-चार वाक्यांत: काय झालं, काय बदललं, तेव्हापासूनचे ग्रेड काय. लपवलेलं सापडलं तर ३.९ चा पोस्ट-बॅकही वाचवत नाही. आजारपणाने सत्र बुडालं असेल, तर काही विद्यापीठं मागील तारखेने वैद्यकीय माघार मंजूर करतात. रुग्णालयाची कागदपत्रं शोधून निबंधकांना विचारा.

शिफारसपत्रं सहसा दोन विज्ञानाच्या आणि एका इतर विषयाच्या प्राध्यापकाची लागतात, आणि ती जुन्या नव्हे, आत्ताच्या प्राध्यापकांची हवीत. दोनशेच्या वर्गात तुमचं नाव त्यांना आपोआप कळणार नाही. दुसऱ्या आठवड्यापासून ऑफिस अवर्सला (प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत) प्रश्न घेऊन जा, आणि ग्रेड लागल्यावर महिन्याच्या आत पत्र मागा.