पैसे १६ जीबीचे, रॅम ८ जीबीची

मी घरूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, फ्लेक्स, शाळांची प्रमाणपत्रं. लग्नसराई तोंडावर आली होती आणि मोठा फ्लेक्स उघडला की मशीन गोठायचं. ४ जीबी रॅम पुरत नव्हती. एका दुकानदाराने ८-८ जीबीच्या दोन स्टिक टाकून दिल्या, जुनी ४ जीबीची बदल्यात ठेवून घेतली आणि ३,२०० रुपये घेतले. बिल म्हणून वहीचा फाटका कागद, त्यावर ‘रॅम २ नग’.

घरी येऊन बघते तर सिस्टीममध्ये ८ जीबीच. लगेच फोन केला. “ताई, रॅम १६च आहे, तुमची विंडोज ती ओळखत नाही. ३२ बिटची असणार.”

हे मला पटलं, कारण त्यात अर्धं खरं होतं. साधी ३२ बिटची विंडोज ४ जीबीच्या पुढे जात नाही, त्यातलाही काही भाग ग्राफिक्स वगैरे अडवतं, म्हणून वापरण्याजोगी सव्वातीनच्या आसपास दिसते. पण मला ८च्या ८ वापरण्याजोगे दिसत होते! ३२ बिटची असती तर ८ वापरताच आले नसते. हे तेव्हा सुचलं नाही, याची आजही चुटपुट लागते. फॉरमॅटचे ८०० रुपये देऊन मशीन परत आणलं. आकडा तोच. मग म्हणाला, “मदरबोर्डच सपोर्ट करत नाही, सेकंडहँड बघू का?”

तेवढ्यात भाचा आला. त्याने आधी सरळ कारणं तपासली. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या खिडकीत बूटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सला ‘मॅक्झिमम मेमरी’वर टिक राहिली की विंडोज तेवढीच रॅम घेते, ती नव्हती. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. मेमरीत रॅमचे दोन्ही स्लॉट, म्हणजे खाचा, भरलेले दिसत होते आणि ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ अगदी किरकोळ, म्हणजे कुणी रॅम अडवूनही ठेवली नव्हती. मदरबोर्ड एच६१ चिपसेटचा, तो १६ जीबी घेतो. मग सीपीयू-झेड हे मशीनचे भाग दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून त्यातलं एसपीडीचं पान उघडलं. तिथे प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकचं माप वेगळं दिसतं. पहिल्यात ४०९६ एमबी, म्हणजे ४ जीबी, दुसऱ्यातही ४०९६. मशीन सगळी रॅम अगदी बरोबर ओळखत होतं.

वायर काढून डबा उघडला. ८ जीबीच्या डीडीआर३ प्रकारच्या स्टिकला बहुधा दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप असतात. या दोघींना एकाच बाजूला आठ, दुसरी बाजू सपाट हिरवी. एका स्टिकरचा कोपरा सुटला होता. नखाने हळूच उचलला तर खाली दुसरं स्टिकर, ‘४ जीबी १आरएक्स८’ (म्हणजे आठ चिपचा एकच संच), आणि त्यावर काळ्या मार्करने लिहिलेलं ‘१४/८/१९’.

ते अक्षर माझं आहे. कार्ट्रिज असो की पेनड्राइव्ह, घेतल्याची तारीख मी मार्करने लिहून ठेवते. माझीच जुनी स्टिक वर ८ जीबीचं स्टिकर लावून मला विकली होती. ती हातात धरून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.

दुकानात गेले तर म्हणाला, “हा माल आमचा नाहीच.” ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला. त्यांनी पहिलं बिल मागितलं. माझ्याकडे तो कागद. त्यावर ना जीबी, ना सीरियल नंबर, ना दुकानाचा शिक्का.

तेव्हा कळकळीने सांगते, रॅम घेताना पैसे द्यायच्या आधी दुकानातच मशीन चालू करायला लावा आणि सीपीयू-झेडमधल्या एसपीडीच्या पानावर दोन्ही स्लॉटचे आकडे स्वतः वाचा. पाच मिनिटं लागतात. “घरी गेल्यावर दिसेल” म्हणाला तर मशीन उचलून बाहेर पडा. बिलावर जीबी आणि सीरियल नंबर लिहून घ्या. जुनी स्टिक त्याला देऊ नका, आणि डबा उघडल्यावर मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. एक गोष्ट मात्र दुकानदाराच्या बाजूने सांगायला हवी: आकडा कमी दिसला म्हणजे फसवणूकच, असं नाही. स्टिक नीट बसली नसेल किंवा सोनेरी पट्टीवर मळ असेल तरी एक स्लॉट दिसत नाही. खोडरबराने ती पट्टी पुसून, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् वाजेपर्यंत दाबून बसवा आणि मगच भांडायला जा.

मी ८ जीबीवरच सीझन काढतेय. मोठे फ्लेक्स दोन भागांत करते. सुटलेलं स्टिकर त्या फाटक्या कागदाला चिकटवून ठेवलंय, आणि तक्रारीचा अर्ज भाचा लिहून देतोय.