फेसलिफ्टनंतर ओठ वाकडा: आरसा की शॉक?

मावशीचा फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची सैल त्वचा ताणून बसवण्याची शस्त्रक्रिया, झाला आणि हसताना तिचा खालचा ओठ डावीकडे खाली येईना. जबड्याच्या कडेने जाणारी चेहऱ्याच्या नसेची बारीक फांदी दुखावली होती. घरात दोन मतं पडली: मशीनने शॉक द्यायचे, की आरशासमोर सावकाश व्यायाम?

शॉकचं आकर्षण मला कळतं. स्नायू डोळ्यांदेखत हलतो, काहीतरी होतंय असं वाटतं. पण नस ताणली किंवा सुजली असेल, तर ती बहुधा काही आठवड्यांत ते महिन्यांत आपणच सावरते. तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. शॉकने हा वेग नक्की वाढतो, असं सिद्ध झालेलं नाही. शिवाय चुकीचे स्नायू एकत्र ओढले जाण्याची भीती असल्याने अनेक फिजिओथेरपिस्ट तो टाळतात.

म्हणून माझं मत आरशाला, तेही सर्जनने परवानगी दिल्यावरच. मावशी सकाळी खिडकीपाशी बसायची, निरोगी बाजूवर बोट ठेवून ‘ई’ म्हणायची, पाच वेळा, बस्स. जोर लावायचा नाही. निरोगी बाजू जास्त ओढली की वाकडेपणा अधिकच दिसतो.

फेसलिफ्टनंतर कानाची पाळी बधिर असेल तर ती नस वेगळी, संवेदनेची. तिथे गरम पिशवी लावू नका, चटका कळत नाही. आणि डोळा मिटत नसेल, तर व्यायामाचा विचार नंतर. त्याच दिवशी सर्जनला फोन करा.