नवख्या ड्रायव्हरची तुलना करायची तर रेसिंग-रेफरन्सच

नॅसकार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींमधले नवखे ड्रायव्हर तोलायला रेसिंग-रेफरन्स ही वेबसाइट फार उपयोगी आहे. नुसते विजय मोजले तर फसगत ठरलेली. 2002 मध्ये जिमी जॉन्सनने 3 शर्यती जिंकल्या, रायन न्यूमनने एकच. तरी सर्वोत्तम नवख्याचा किताब न्यूमनला मिळाला, कारण पहिल्या पाचात तो 14 वेळा आला होता, जॉन्सन 6 वेळा.

शर्यत उघडा आणि थेट लूप डेटावर, म्हणजे ट्रॅकमधल्या सेन्सरनी टिपलेल्या आकड्यांवर जा. हा तपशील 2005 पासूनचाच आहे. आधी शर्यतभरातलं सरासरी स्थान बघा, मग शर्यत संपतानाचा क्रमांक. सरासरी 12 आणि शेवट 31 असेल, तर वेग होता. घात बहुधा अपघाताने किंवा बिघाडाने केला. क्वालिटी पास म्हणजे हिरव्या झेंड्याखाली, शर्यत पूर्ण वेगात चालू असताना, पहिल्या पंधरातल्या गाडीला मागे टाकणे. नवख्याची खरी तयारी मला इथेच दिसते.

ड्रायव्हर रेटिंग, म्हणजे कामगिरीचा एकत्रित गुण, 150 पैकी असतं, पण त्यात गाडीचा दमही मिसळलेला असतो. म्हणून नवख्याचे आकडे त्याच संघातल्या अनुभवी ड्रायव्हरशेजारी ठेवा, तेही ट्रॅकच्या प्रकारानुसार. डेटोना आणि टॅलाडेगा हे ट्रॅक वेगळेच काढा. तिथे एका धडकेत अर्धा ताफाही बाद होऊ शकतो.