फिरायला निघताना हातात काय घ्यावे: काठी, छत्री, बिस्किटे की स्प्रे?

ठाण्यात उपवन तलावाच्या काठाने किंवा कोलशेतकडच्या नव्या रस्त्यांवरून रोज दोन वेळा कुत्रे फिरवणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. समोरून गुरगुरत येणाऱ्या मोकाट कुत्र्यापासून आपल्या कुत्र्याला वाचवण्याची चार-पाच साधने बाजारात विकत मिळतात आणि तितकेच सल्ले शेजारीपाजारी फुकट देतात. आमच्याकडे चौदा किलोची गावठी कुत्री आहे. तिच्यासोबत यांपैकी बहुतेक उपाय मी वापरून पाहिले असल्यामुळे ही तुलना तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

साधन निवडण्याआधी समोरचे कुत्रे कोणते आहे हे ओळखायला हवे. गल्लीतल्या कुत्र्याचे भांडण बहुधा हद्दीचे असते. टपरीपासून कचराकुंडीपर्यंतचा टापू त्याचा असतो आणि आपण तो शांतपणे ओलांडला, की ते दहा पावले पाठवणीला येऊन थांबते. याउलट, ‘आमचा काही करत नाही हो’ असे म्हणणाऱ्या मालकाने मोकळे सोडलेले पाळीव कुत्रे कुठल्याच हद्दीवर थांबत नाही, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना असते तशी माघार घेण्याची समजही त्याला बरेचदा नसते. अशा वेळी पहिले साधन म्हणजे मालकाला खणखणीत आवाजात ‘पट्टा लावा’ असे सांगणे. पाळीव प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजा होण्याचा धोका निष्काळजीपणामुळे निर्माण झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, याची त्याला सौम्य शब्दांत आठवण करून देण्यातही काही गैर नाही.

काठीचा धाक मोठा असतो, कारण काठी आणि दगड उचलण्यासाठी वाकलेला माणूस या दोन गोष्टी रस्त्यावरचे कुत्रे लहानपणापासून ओळखते. मात्र हा धाक काठी खाली, आपल्या आणि समोरच्या कुत्र्याच्या मध्ये आडवी धरलेली असेपर्यंतच कामाचा आहे. ती उगारली, की दबलेले कुत्रे मागे सरते, पण निर्ढावलेले कुत्रे चवताळते आणि टोळी असेल तर बाकीचीही गोळा होतात. विनाकारण मारणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. शिवाय रोज ज्या गल्लीतून जायचे, तिथे काठीने कायमचे वैर विकत घेणे मला तरी परवडणारे वाटत नाही.

स्प्रेविषयी थोडक्यातच सांगता येईल. मिरचीचा फवारा वाऱ्यावर उलटतो, खाडीकडून वारा सुटलेला असताना तर हमखास उलटतो, आणि आपल्या कुत्र्याचे नाक समोरच्याच्या नाकाइतकेच जवळ असते. गवती चहाच्या कुळातल्या सिट्रोनेला तेलाचा फवारा त्या मानाने सौम्य आहे. तो कुतूहलाने जवळ येणाऱ्याला थांबवतो. चिडून धावत आलेल्याला नाही. माणसाला ऐकू न येणारा तीव्र आवाज काढणारी यंत्रे दोन्ही कुत्र्यांना सारखीच ऐकू येतात, त्यामुळे ती विकत घेण्याचे कारण मला सापडलेले नाही.

बिस्किटांचे गणित वेगळे आहे. मूठभर बिस्किटे समोरच्याच्या पायाशी न टाकता त्याच्या मागे, लांब भिरकावली, तर ते वळते आणि आपल्याला निघून जायला पंधरा-वीस सेकंद मिळतात. एकट्या, नुसत्या भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी याहून स्वस्त उपाय नाही. पण तीन-चार कुत्री असतील तर बिस्किटांवरून त्यांच्यातच जुंपते आणि आपले कुत्रे त्या गोंधळात सापडते. शिवाय रोज एकाच ठिकाणी देत गेलात, तर आठवड्याभरात ती तुमची वाट पाहत उभी राहतात.

माझा कल छत्रीकडे आहे. बटण दाबल्यावर खट्कन उघडणारी, सरळ दांड्याची मोठी छत्री जमिनीलगत, समोरच्या कुत्र्याच्या दिशेने उघडली, की दोन कुत्र्यांच्या मध्ये अचानक काळी भिंत उभी राहते. एकमेकांवर रोखलेली नजर तुटणे यातच निम्मे काम होते. मानेवरचे केस फुलवून, शेपूट ताठ करून येणारे कुत्रे क्षणभर जागीच थबकते, आणि त्या क्षणात आपण छत्री मध्ये ठेवून उलट्या पावलांनी मागे सरायचे असते. छत्रीने कुणाला इजा होत नाही, ठाण्याच्या पावसात ती चार महिने हातात असतेच आणि उन्हाळ्यातही कुणी वळून पाहत नाही. मर्यादा दोन आहेत: मागून येणाऱ्या दुसऱ्या कुत्र्याला ती अडवू शकत नाही, आणि तिची सवय आधी आपल्या कुत्र्याला लावावी लागते. मी ते केले नव्हते. पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा समोरचे कुत्रे थांबले खरे, पण आमचीच कुत्री दचकून मागे उसळली आणि गळपट्ट्यातून डोके काढून मोकळी झाली. नंतर आठवडाभर घरात छत्री हळूहळू उघडत, प्रत्येक वेळी पनीरचा तुकडा देत सराव केला आणि गळपट्ट्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस घेतला. त्याला दीड मीटरची साधी दोरी पुरते. बटणाने लांब-आखूड होणारी दोरी ऐन वेळी हाताला कापते आणि तिच्यावर ताबा राहत नाही.

लहान कुत्रे उचलून घ्यावे की नाही, यावर मतभेद आहेत. पाच-सहा किलोच्या पॉमेरेनियनला समोरचे कुत्रे अंतरावर असतानाच उचलून कुंपणाच्या किंवा उभ्या गाडीच्या आड जाणे शहाणपणाचे आहे, पण ते अंगावर आल्यानंतर उचलले तर उडी आपल्या हातावर आणि चेहऱ्यावर येते. लॅब्रॅडॉरच्या मालकाला हा पर्याय नाहीच. त्याने हार्नेस आणि काठी आडवी धरण्याचा सराव यांवर भर द्यावा. मधल्या वजनाच्या कुत्र्यासाठी छत्री आणि खिशात बिस्किटे ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. जुंपलीच, तर तोंडाजवळ हात घालू नये. दोन माणसे असतील तर प्रत्येकाने एकेका कुत्र्याचे मागचे पाय धरून मागे ओढावे.

वेळ आणि रस्ता बदलणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्रीमागे टोळी फिरत असते, आणि त्यानंतर दोनेक महिन्यांनी पिल्ले झालेली आई कुणालाच जवळ येऊ देत नाही. या काळात ती गल्ली टाळावी. कानाला खाच असलेले कुत्रे निर्बीजीकरण झालेले असते. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्याला निर्बीजीकरणानंतर मूळ जागीच सोडायचे असते, त्यामुळे ते उद्याही तिथेच भेटेल असे धरून चालावे. खाच नसलेली कुत्री तुमच्या रस्त्यावर जास्त असतील, तर त्याची नोंद महापालिकेकडे करावी.

चावा बसलाच तर केसांखाली दोन बारीक भोके दिसतात आणि आत मांस फाटलेले असते. म्हणून रक्त थांबले तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे जाऊन जखम तपासून घ्यावी आणि आधी लस दिलेली असली तरी रेबीजच्या डोसविषयी विचारावे. स्वतःच्या हाताला दात लागला असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन, घरी न थांबता लस घ्यायला निघावे.