ट्यूब प्रीअँपमध्ये घ्यावी की पॉवर अँपमध्ये?

घरच्या ऑडिओ सिस्टीममध्ये ट्यूब (जुन्या पद्धतीच्या काचेच्या व्हॅक्यूम नळ्या) आणि ट्रान्झिस्टर दोन्ही हवे असतील, तर मुख्य मार्ग दोनच. ट्यूब प्रीअँपला (सिग्नल सांभाळून व्हॉल्यूम ठरवणारा भाग) सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचा, पॉवर अँप (स्पीकर चालवणारा भाग) जोडायचा, किंवा याच्या बरोबर उलट करायचं. बहुतेक जण पहिला मार्ग धरतात आणि माझा कौलही बहुधा तिकडेच आहे. पण त्यासाठी नेहमी दिलं जाणारं कारण मला पटत नाही. म्हणे, 'ट्यूबचा गोडवा आणि ट्रान्झिस्टरची ताकद एकत्र मिळते.' ताकद मिळते, यात वाद नाही. गोडवा मात्र वाटतो तेवढा मिळेलच असं नाही.

प्रीअँपमधल्या ट्यूबला एखाद-दोन व्होल्टचा सिग्नल हाताळायचा असतो. तिच्या कुवतीच्या मानाने हे काम किरकोळ. त्यामुळे नीट बनवलेला ट्यूब प्रीअँप आवाजाला जेमतेमच रंग लावतो. आपण ज्याला 'ट्यूबचा आवाज' म्हणतो, त्यातला बराच भाग पॉवर अँप आणि स्पीकर जिथे भेटतात तिथे तयार होतो.

आकड्यांत बघू. ३००बी या पॉवर ट्यूबच्या, फीडबॅक (आउटपुटचा अंश परत इनपुटला देऊन चूक सुधारणं) नसलेल्या सिंगल-एंडेड (एकाच ट्यूबवर पूर्ण सिग्नल हाताळणाऱ्या) अँपचा आउटपुट इम्पीडन्स (सिग्नल बाहेर देताना अँपचा स्वतःचा विद्युत विरोध) २ ओहमच्या आसपास असू शकतो. सॉलिड-स्टेट अँपमध्ये तो ०.१ ओहमच्याही खाली असतो. '८ ओहम' लिहिलेला स्पीकर प्रत्यक्षात एखाद्या पट्ट्यात ४ ओहमपर्यंत उतरतो आणि बेसच्या रेझोनन्सला (त्याच्या नैसर्गिक कंपनाच्या जागी) ३० ओहमवर चढतो. २ ओहमच्या अँपवर या दोन टोकांमध्ये जवळपास ३ डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे अँपने त्या स्पीकरला नकळत टोन कंट्रोलच लावला. स्पीकर बदलला की हा टोन कंट्रोलही बदलतो. एकच ट्यूब अँप एकाला स्वर्गीय आणि दुसऱ्याला गुबगुबीत वाटतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. १९८५ मध्ये अँप बनवणारे अमेरिकन डिझायनर बॉब कार्व्हर यांनी 'स्टिरिओफाइल' या ऑडिओ नियतकालिकाच्या संपादकांना आव्हान दिलं की, तुमच्या आवडत्या अँपसारखा आवाज मी माझ्या सॉलिड-स्टेट अँपमधून काढून दाखवतो. नमुना म्हणून समोर ठेवलेला अँप ट्यूबचा होता. कार्व्हर यांनी आपल्या अँपमध्ये फेरफार केले आणि शेवटी संपादकांना दोघांतला फरक ओळखता आला नाही.

म्हणून आधी आपला स्पीकर कसा आहे ते बघा. सेन्सिटिव्हिटी (एका वॉटवर एक मीटरवर किती आवाज) ८६ डेसिबल असेल आणि इम्पीडन्स ३-४ ओहमपर्यंत कोसळत असेल, तर उलट्या जोडणीचा विचार सोडून द्या. ३००बीच्या ८ वॉटवर असा स्पीकर एक मीटरवर ९५ डेसिबललाच दम टाकतो, आणि ऑर्केस्ट्राच्या किंवा ढोलाच्या क्षणिक उसळीला तेवढं पुरत नाही. ईएल३४ या पॉवर ट्यूबच्या पुश-पुल जोडीचे (दोन ट्यूब मिळून सिग्नल हाताळतात) ३०-३५ वॉट मिळाले तर परिस्थिती बरीच सुधारते, तरी बेसवरची पकड ट्रान्झिस्टरइतकी येत नाही. स्पीकर ९५ डेसिबलच्या पुढचा आणि इम्पीडन्स फारसा वरखाली न होणारा असेल, तर मात्र ट्यूब पॉवर अँप घ्याच. असा स्पीकर असूनही फक्त प्रीअँपमध्ये ट्यूब घालणं म्हणजे खरी मजा हातची घालवणं.

इतर सगळ्यांसाठी ट्यूब प्रीअँप आणि सॉलिड-स्टेट पॉवर अँप. पण ही जोडी दुकानात सांगतात तितकी बिनधास्त नाही. पॉवर अँपचा इनपुट इम्पीडन्स प्रीअँपच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान दहापट लागतो. ट्यूब पॉवर अँपचा इनपुट साधारण १०० किलोओहमचा असतो, त्याला काहीही चालतं. सॉलिड-स्टेटमध्ये तो ४७, २२, कधी १० किलोओहमचाही असतो. १२एएक्स७ या छोट्या ट्यूबच्या प्लेटवरून (तिच्या एका टोकावरून) थेट आउटपुट घेतलेला प्रीअँप तिथे टिकत नाही. कॅथोड फॉलोअर (आउटपुट इम्पीडन्स कमी करणारी ट्यूबची रचना) असेल तर काम भागतं. आउटपुटच्या कपॅसिटरकडेही लक्ष हवं. तो ०.४७ मायक्रोफॅरडचा असला, तर १०० किलोओहमच्या लोडवर ३.४ हर्ट्झपर्यंत बेस नीट जातो. तोच १० किलोओहमवर लावला की ३४ हर्ट्झलाच ३ डेसिबलची घट दिसते. मग 'ट्यूबमुळे बेस हलका झाला' असं म्हणतात. त्यात ट्यूबचा काय दोष?

गेनचंही (सिग्नल किती पटीने वाढतो त्याचंही) तसंच. डीएसी (डिजिटल सिग्नल अॅनालॉग करणारं उपकरण) किंवा सीडी प्लेयर २ व्होल्ट देतो आणि बऱ्याच पॉवर अँपना पूर्ण ताकदीसाठी तेवढेच पुरतात. मध्ये दहापट गेनचा प्रीअँप आला की नॉब जेमतेम हलवायचा आणि ट्यूबची सळसळ ऐकत बसायचं. १२एएक्स७ऐवजी कमी गेनच्या १२एयू७भोवती बांधलेला प्रीअँप अशा ठिकाणी शहाणपणाचा. एकाच्या जागी दुसरी ट्यूब खोचून बघायची असेल, तर आधी बनवणाऱ्याला विचारा.

देखभालीत पहिली जोडी सरळ जिंकते. प्रीअँपच्या छोट्या ट्यूब हजारो तास टिकतात आणि बायस (ट्यूबमधून शांत अवस्थेत वाहणारा प्रवाह) लावण्याची कटकट बहुधा नसते. पॉवर ट्यूब लवकर थकतात, जोडीने बदलाव्या लागतात आणि बऱ्याच अँपमध्ये बायस तपासावा लागतो. उष्णताही भरपूर: चार ईएल३४च्या नुसत्या फिलामेंटच ३८ वॉट खातात. लहान मुलं किंवा मांजर असलेल्या घरात जाळीचं झाकण हवंच.

एका डब्यातल्या स्वस्त हायब्रिड अँपबद्दल थोडक्यात: बऱ्याच वेळा ट्यूब २०-३० व्होल्टवर अर्धपोटी चालवलेली असते आणि तिच्याखाली नारिंगी एलईडी लावलेला असतो. शोभेला छान. याउलट वरच्या सुरांसाठी ट्यूब अँप आणि बेससाठी स्वतःचा अँप असलेला सबवूफर ही मिश्र जोडणी मला फार आवडते. मात्र मुख्य अँपकडे जाणारा बेस क्रॉसओव्हरने (सूर विभागणाऱ्या फिल्टरने) खरंच कापलेला हवा, नाहीतर ट्यूबवरचा भार तसाच राहतो.

चालू करताना ट्यूब प्रीअँप आधी, तो गरम होऊन मिनिटभर स्थिरावला की पॉवर अँप. बंद करताना उलटा क्रम, नाहीतर प्रीअँपचा धप्प आवाज सरळ वूफरवर आदळतो. पॉवर अँप ट्यूबचा असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय तो वाजवायचाच नाही, कारण लोडशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सॉलिड-स्टेटला तसं चालतं. त्याच्या स्पीकर टर्मिनलच्या दोन तारा मात्र एकमेकींना चिकटू देऊ नका.