मशीन लावलं की लाईट जाते: मल्टिमीटरने तपासावं की मेगरने?

वॉशिंग मशीन लावलं की घरभर अंधार होत असेल, तर आधी बोर्डवर नेमकं काय पडलंय ते बघा. एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) पडला असेल तर शॉर्ट किंवा लोडचा मामला आहे, तिथे साधा मल्टिमीटर पुरतो. खरा वैताग आरसीसीबीचा, म्हणजे गळती पकडणाऱ्या स्विचचा. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत आला नाही, म्हणजे थोडा अर्थमध्ये गळला, की तो पडतो. घरगुती आरसीसीबीवर 30 मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, पण तो 15 ते 30 च्या मध्ये कुठेही पडू शकतो.

ही गळती शोधायच्या तीन वाटा मी वापरून पाहिल्या आहेत. त्यातली एक लगेच बाजूला ठेवतो: एकेक भाग सोडवायचा आणि मशीन चालवून बघायचं. हीटरच्या दोन्ही वायरी काढल्या (दोन्ही, कारण गळती न्यूट्रलच्या बाजूलाही असू शकते), टोकांना टेप गुंडाळला, मशीन लावलं. लाईट गेली नाही तर दोष हीटरचा. पद्धत चांगली आहे, हत्यारंही लागत नाहीत. पण अंदाज चुकला की प्रत्येक वेळी सगळ्या घराची लाईट जाते आणि दुसऱ्या खोलीतून हाका सुरू होतात. शिवाय हीटर जोडलेला नाही म्हटल्यावर काही मशीन एरर दाखवून मध्येच थांबतात.

उरले मल्टिमीटर आणि मेगर (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणारा मीटर).

मल्टिमीटर घरात असतोच, आणि काही दोष तो चुटकीसरशी पकडतो. प्लग काढायचा, अर्थच्या पिनेला एक प्रोब, फेज आणि न्यूट्रलच्या पिनेला आळीपाळीने दुसरा. 230 व्होल्टला 30 मिलिअँपिअरने भागलं तर साधारण 7,700 ओहम येतात. त्याच्या खालचं रीडिंग मिळालं तर दोष पक्का. प्लग लावल्या लावल्या आरसीसीबी पडत असेल तर बहुधा केबल किंवा आतला नॉइज फिल्टर (विजेतला गोंगाट गाळणारा भाग) असतो, आणि तिथे मल्टिमीटरच्या पुढे जायची वेळ सहसा येत नाही.

आमचं मशीन मात्र पाणी तापायला लागलं की लाईट घालवायचं. म्हणजे संशय हीटरवर. मागचं झाकण काढलं, वायरी सोडवल्या, टर्मिनलवर प्रोब लावले. दोन टर्मिनलमध्ये पंचविसेक ओहम, म्हणजे 2000 वॉटच्या हीटरला साजेसं. (अनेक जण इथेच 'हीटर ओके' म्हणून मोकळे होतात. या आकड्यावरून कॉइल तुटलेली नाही एवढंच कळतं, गळतीबद्दल काहीच कळत नाही.) मग टर्मिनल ते अर्थ. स्क्रीनवर ओएल, म्हणजे मीटरच्या लेखी गळती नाहीच. मशीन जोडलं, पाणी तापू लागलं, लाईट गेली. परत मोजलं, परत ओएल.

मल्टिमीटरचा मला राग आला तो इथे. माहीत नाही असं तो म्हणत नाही, बिनदिक्कत 'ठीक आहे' म्हणतो. कारण साधं आहे. ओहमच्या रेंजवर तो तपासायच्या वस्तूला जेमतेम एक-दोन व्होल्ट लावतो. घरातल्या 230 व्होल्ट एसीचं शिखर 325 व्होल्टपर्यंत जातं. हीटरच्या धातूच्या नळीत कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. नळीला केसाएवढी चीर गेली की पूड ओल धरते, आणि ती ओल एक-दोन व्होल्टना दाद देईलच असं नाही.

मेगर त्याच टर्मिनलवर 500 व्होल्ट डीसी लावतो. बटण दाबून धरलं तर आकडा चढायच्या ऐवजी घसरत एक मेगओहमच्या पार खाली गेला. चांगला हीटर शेकडो मेगओहम दाखवतो. हीटर बाहेर ओढल्यावर रबरी गॅस्केटजवळ नळीवर तपकिरी फोड आणि त्यातून डोकावणारी पांढरी पूड दिसली. नवा हीटर बसवल्यापासून तक्रार नाही.

मेगरची बाजू सगळीच चांगली आहे असंही नाही. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये तो लावला तर इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळू शकतो. म्हणून तपासायच्या भागाच्या वायरी आधी बोर्डपासून सोडवायच्या आणि मोजायचं ते फक्त अर्थच्या संदर्भात. बटण दाबलेलं असताना प्रोबच्या टोकांना बोट नको, झटका चांगलाच बसतो. बरेच महिने न वापरलेला हीटर नुसत्या दमटपणानेही कमी रीडिंग देतो आणि वाळला की सुधारतो, त्यामुळे एका रीडिंगवर तो फेकून देऊ नका. आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या कामासाठी मेगर विकत घ्यावा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी मिळाला तर उत्तम.

तरी धुणं मध्यावर आल्यावर लाईट जात असेल, तर मी मल्टिमीटरवर संध्याकाळ घालवणार नाही. पाणी तापताना गेली तर हीटर, ड्रम फिरताना गेली तर मोटर (कार्बन ब्रशची पूड साचून गळती होते), पाणी सोडताना गेली तर पंप, आणि थेट त्या भागावर मेगर.

मेगरनेही सगळे भाग स्वच्छ दाखवले, तर मशीनला थोडा वेळ सोडा. कंप्युटर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन यांच्या फिल्टरमधून थोडी थोडी गळती चालूच असते, आणि एकाच आरसीसीबीवर ती सगळी साचते. बाकी सगळे प्लग काढून मशीन एकटं चालवून बघा.